रायटर

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पूर्वी रंगाची कंपनी होती त्या शेडमध्ये
हल्ली खुनी राहतो.
गुरुवार ते शनिवार, रात्री नऊ ते पहाटे पाच.
बाकीचे दिवस कुलूप,
आणि किल्ली रामसुमेर वॉचमनकडे.

मला बोलावलं, कारण बत्तीस वर्षं खात्यात काढली,
त्यातली एकोणीस रायटर म्हणून.
मालिकेची लेखिका हसली. काका, म्हणजे आपण एकाच धंद्यातले!
मृण्मयी तिचं नाव, माझ्या धाकटीहून लहान.
मी म्हटलं, हो, फक्त मला कार्बन घालून
चार प्रती काढाव्या लागत.

तिने विचारलं, खुनी मागे खूण ठेवायचा का?
पत्ता, फूल, चिठ्ठी?
मी सांगितलं, डास होते. ऐरोलीच्या खाडीला ओहोटी होती.
गुडघाभर चिखलात दोन पंच उभे केले,
एक कोळंबीवाला, एक रिक्षावाला,
आणि रिक्षावाल्याचा सगळा जीव
रस्त्यावर चालू राहिलेल्या मीटरमध्ये.

तिघींमध्ये समान काय होतं?
मी बराच वेळ चहा ढवळत बसलो.
हरवल्याची तक्रार कुणाचीच नव्हती, म्हटलं.
तिने ते लिहिलं. मग खोडलं.
चॅनेलला डोळ्यांना दिसणारं काहीतरी लागतं, काका.
म्हणून तिघींना लाल ओढण्या आल्या,
आणि नावं: रिया, तारिणी, नताशा.

'अनोळखी स्त्री. वय अंदाजे तीस ते पस्तीस. बांधा सडपातळ.
उजव्या हातावर शेवंती असे गोंदलेले.
सदर नाव मयताचे की अन्य कोणाचे, याचा बोध होत नाही.'
हे माझं लिखाण.
चौथी प्रत इतकी फिकट निघाली
की शेवटचे तीन शब्दच वाचता येत.

सेटवर भिंतभर फोटो, फोटोंमधून फिरणारा लाल दोरा.
आमच्या ठाण्यातही दोरा होता. पांढरा,
फायली बांधायचा.
ऑक्टोबरच्या उकाड्यात डिटेक्टिव्ह अधिराज लांब कोट घालून
त्या भिंतीकडे एकटक बघतो,
आणि कॅमेऱ्याबाहेर एक पोरगा त्याच्या मानेवर पंखा धरून.

एकदा चादरीखालची नताशा शिंकली.
सगळे खो खो हसले, लाइटवालेसुद्धा.
मी मात्र उठून उभा राहिलो होतो,
का ते कुणी विचारलं नाही, बरं झालं.

तेराव्या भागात तो सापडतो,
टँकरच्या पावसात, खाडीपुलाच्या कठड्याला टेकलेला.
आमच्याकडे साहेबांनी अ-समरी मागितली.
मीच टाइप केली.
गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही.
कोर्टात तिला पाच मिनिटंही लागली नाहीत,
बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला.

मानधनाचं पाकीट घेताना एकच मागितलं.
एकीचं नाव शेवंती ठेवा.
मृण्मयी अवघडली. बॉडीचं नाव आता बदलत नाही, काका,
प्रोमो गेलाय.
मग म्हणाली, थांबा, बघते.

कोपरखैरण्यात, सेक्टर पाचच्या आमच्या खोलीत
कुमुद भाजी निवडत सातवा भाग बघत होती.
कंपनीच्या गेटजवळ चहाची टपरी.
अधिराज हाक मारतो, शेवंतीबाई, रात्री इथून कोण गेलं?
ती म्हणते, साहेब, मी कुणाला पाहिलं नाही.
तो कटिंग तसंच टाकून तरातरा निघून जातो.
ती ग्लास उचलते, इकडे तिकडे बघते,
स्वतःच पिऊन टाकते.
उजवा हात स्पष्ट दिसतो. कोरा.
गोंदणाचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

कुमुदच्या हातातली मेथीची जुडी थांबली.
हिला पण मारणार का हो?
नाही, मी म्हटलं.
विचारून घेतलंय.